ज्याच्या हातात टाळ नाही

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात, गावच्या विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात, डिझाइनचं शिक्षण घेतलेल्या गावच्या एका लेकीनं कीर्तनाआधी केलेलं भाषण. बोललं तसंच, थोडं आवरून इथे छापलं आहे.)





व्यवस्थापक काका म्हणाले, "तू काय शिकलीस आणि गेली तीन वर्षं दिंडीत काय उद्योग मांडलायस, ते एकदा सगळ्यांना नीट सांग. मागून कुजबुज नको." म्हणून उभी राहिलेय. बुवा बसलेत, त्यांच्या कीर्तनाचा वेळ मी खाणार नाही.

मी डिझाइन शिकले. माझी आजी अजून विचारते, "म्हणजे शिवणकाम ना गं?" गावात काहींना वाटतं की मी लग्नपत्रिका करते. दोन्ही खोटं नाही, शिवणकामही करते आणि पत्रिकाही केल्यात. पण त्या शिक्षणाचा गाभा सांगायचा तर एवढाच आहे: वस्तू करायच्या आधी विचारायचं, ही कोण वापरणार? कुठे वापरणार? त्याच्या हाताला, खांद्याला, डोळ्याला ती कशी वाटणार? आणि वापरून झाल्यावर तिचं काय होणार? हा शेवटचा प्रश्न फार कमी लोक विचारतात. माझं सगळं काम त्या शेवटच्या प्रश्नापाशी चाललंय.

आता हे काही शहरातून आणलेलं शहाणपण नाही. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स नावाचं अमेरिकेतलं एक नवरा-बायकोचं जोडपं आपल्या सरकारच्या बोलावण्यावरून भारतात हिंडलं. दोघंही मोठे डिझाइनर. देशात डिझाइनचं शिक्षण कसं द्यावं, याचा अहवाल त्यांनी लिहिला, आणि त्यानंतर १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. या जोडप्यानं देशभर किती तरी सुंदर वस्तू पाहिल्या. त्यांत सगळ्यात श्रेष्ठ कोणती ठरवली असेल? लोटा. आपला तांब्या!

त्यांनी तांब्याकडे कसं बघितलं ते ऐका. भरलेला असताना तोल कसा, रिकामा असताना कसा? डोक्यावर, कमरेवर, हातात कसा बसतो? ओतताना धार कशी पडते? आत हात घालून घासता येतो का? आणि फुटला-झिजला तर त्याच्या धातूची किंमत येते का? हे सगळं कुणा एका माणसानं एका दिवसात ठरवलेलं नाही, पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्यांनीच ते घडवत आणलं, असं त्यांनी नोंदवलं. म्हणजे वर्गात हा धडा शिकत असताना माझ्या डोळ्यांपुढे आपल्या दिंडीतल्या आज्यांच्या पडशीला बांधलेला तांब्या होता. मोडीत घातला तरी ज्याचे पैसे येतात, अशी ती वस्तू. रस्त्यावर टाकलेला तांब्या कधी कुणी पाहिलाय का?

दुसरं उदाहरण वाटेवरच्या हापशाचं. पूर्वी गावोगाव बसवलेले बिडाचे पंप फार लवकर मोडायचे. एका घराच्या अंगणात चार बादल्या पाणी काढावं, एवढ्याच कामाचे ते. आपल्याकडे एकाच पंपावर अख्खं गाव दिवसभर दांडा मारणार! मग सोलापुरात, म्हणजे आपल्या पंढरपूरच्याच जिल्ह्यात, एका स्वतःच्या अकलेवर शिकलेल्या मिस्त्रीनं तयार केलेला मजबूत पंप टिकला. त्याच्याच आधारावर १९७०च्या दशकात सरकार आणि युनिसेफ यांनी मिळून 'इंडिया मार्क टू' हापसा तयार केला. तो पुढे देशभर गेला, परदेशांतही गेला. कोण वापरणार, हे ज्याला ठाऊक होतं त्याची वस्तू टिकली.

वस्तूचंच कशाला, माणसांच्या व्यवस्थेचंही डिझाइन असतं. हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला जी शिस्त लावून दिली, ती मला शिकलेल्या कुठल्याही पुस्तकापेक्षा मोठी वाटते. आपण रोज मुक्कामाला समाज आरती बघतो. हजारो टाळ वाजत असतात. चोपदारांनी दंड उंचावला की एका क्षणात सगळं शांत. मग ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो. हरवलं-सापडलं पुकारलं जातं. ना माईक, ना अर्ज, ना कचेरी. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही लाखोंच्या गर्दीत आपलं म्हणणं मांडता येतं. इतकी सोपी आणि इतकी न्यायाची व्यवस्था मी दुसरीकडे पाहिली नाही.

पण माउली, या व्यवस्थेत एक माणूस राहून गेलाय. ज्याच्या शेतात आपण उतरतो, त्याच्या हातात टाळ नाही.

तीन वर्षांपूर्वी वारी झाल्यावर मी आणि दिंडीतली दोन पोरं मुक्कामाच्या जागा परत बघायला गेलो. मला अभ्यासासाठी बघायचंच होतं. एका मुक्कामाला, जिथे आपली दिंडी आजोबांच्या वेळेपासून उतरते, तिथल्या मालकिणीनं आम्हाला चहा दिला. मग बांधावर नेऊन दाखवलं. पाऊस होऊन गेला होता, रान नांगरलं होतं आणि नांगराच्या तासातून प्लॅस्टिकचे कप वर आले होते. थर्मोकोलच्या ताटांचे तुकडे, बिस्किटांची कागदं, पाण्याच्या पिशव्या. त्या माउली रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "वारकऱ्यांना नाही कसं म्हणायचं? पण गाय हुंगत हुंगत हे खाते बाई. यांनी दादांना सांगितलंय, पुढच्या वर्षी दुसरीकडे सोय बघा म्हणावं."

हे दादा म्हणजे आपले व्यवस्थापक काका. त्यांना तो निरोप आधीच आला होता. कुणाला सांगावा, या विचारात ते होते.

शंभर वर्षं आपण चालतोय. या शंभर वर्षांत आपल्याला कुणी जेवण दिलं, कुणी पाणी दिलं, कुणी पाय चेपले. पण पाठ टेकायला जागा दिली ती शेतकऱ्यानं, आणि त्यासाठी त्यानं एका पैचं भाडं मागितलं नाही. ती जागा गेली, तर पैसे टाकून दुसरी मिळेल. पण तो संबंध मिळेल का?

म्हणून आम्ही हिशोबाला बसलो. समजा दिंडीत २०० माणसं आणि २० दिवसांची वाट. दोन वेळचं जेवण, दोन वेळचा चहा. ताटं झाली ८,००० आणि कप झाले ८,०००. म्हणजे एका दिंडीमागे १६,००० वस्तू, ज्या पाच-दहा मिनिटं वापरायच्या आणि कुणाच्या तरी रानात टाकून पुढे जायचं. आणि अशा शेकडो दिंड्या आहेत. कायदा नाही असं नाही. थर्मोकोलच्या ताटांवर महाराष्ट्रात २०१८ सालीच बंदी आली, १ जुलै २०२२ पासून देशभर आली. पण कायदा काही पंगतीत वाढायला येत नाही. वाढणारे आपणच. आणि कागदी कप म्हणजे निव्वळ कागद, असं समजू नका. त्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तर त्यात चहा टिकतो.

मग काय काय केलं, ते क्रमानं सांगते.

पहिलं, ताटं. स्टीलचं ताट आणि पेला प्रत्येकाचा. हे सुचायला डिझाइन शिकायला नको. अडचण पुढेच होती. सत्तरीच्या आजीनं ताटाचं ओझं कसं न्यायचं? म्हणून ताटं सामानाच्या ट्रकमध्ये ठेवायची ठरली, पेला तेवढा पडशीला. मग दुसरी अडचण. दोनशे सारख्या ताटांत आपलं कोणतं? भांड्यावर नाव घालून घ्यावं, तर अर्ध्या आज्यांना वाचता येत नाही. तेव्हा मला आपल्या निवडणुकीची आठवण झाली. १९५१-५२ साली देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा शंभरात वीस माणसंही साक्षर नव्हती. म्हणून प्रत्येक पक्षाला चित्र दिलं गेलं. अंगठेबहाद्दर माणसाचंही मत त्यामुळे बरोब्बर जागी पडलं. आपणही तेच केलं. वीस-वीस माणसांच्या दहा पंगती केल्या आणि प्रत्येक पंगतीला एक चिन्ह दिलं: तुळस, टाळ, वीणा, मृदंग, पताका, कळस, गाय, मोर, नांगर, ऊस. भांड्यांच्या दुकानात नाव घालतात त्याच यंत्रानं चिन्ह घालून घेतलं. ज्या पंगतीची ताटं त्या पंगतीच्या पोत्यात, पोत्यावरही तेच चिन्ह. एका आजींनी मोर घ्यायला साफ नकार दिला. म्हणाल्या, "या वयात मला नाचरा पक्षी नको, तुळस दे." त्यांना तुळस दिली. हसू नका, वस्तू आपली वाटली तरच माणूस ती सांभाळतो.

दुसरं, धुणं. टँकरचं पाणी मोजकं. नळाखाली धरून ताट धुतलं तर टँकर दुपारीच रिकामा. म्हणून रांगेत एक बादली आणि तीन घमेली मांडली. उरलंसुरलं खरकटं बादलीत झाडायचं. मग चुलीतली राख आणि काथ्या घेऊन ताट घासायचं. पहिल्या घमेल्यात राख धुवायची, दुसऱ्यात विसळायचं, तिसऱ्यात स्वच्छ पाण्यातून काढायचं. पहिल्याचं पाणी फार गढूळ झालं की ते ओतून द्यायचं, दुसऱ्याचं पहिल्यात, तिसऱ्याचं दुसऱ्यात, आणि नवं पाणी फक्त तिसऱ्यात. ज्येष्ठांची ताटं तरुण पोरांनी घासायची. या रांगेची कल्पना माझी असेल, पण राखेची सूचना गोदावरीकाठच्या एका माउलीची. मी साबण आणणार होते. त्या म्हणाल्या, "साबण रानात जाईल. राख रानाचीच आहे."

तिसरं, पत्रावळी. काही ठिकाणी अन्नदानाला बाहेरची माणसं पंगतीला बसतात. त्यांना आपलं ताट कुठून देणार? तिथे पळसाची पत्रावळ. आपल्या माळावर पळस भरपूर. फाल्गुनात फुलून गेला की चैत्र-वैशाखात त्याला नवी पानं येतात. गावातल्या अकरा बायका मे महिन्यात बसतात आणि बांबूच्या बारीक काड्यांनी पत्रावळी टाचतात. शेकड्याप्रमाणे मजुरी. पानं तोडताना शेंडा सोडायचा, एकाच झाडाला ओरबाडायचं नाही, हा त्यांचाच नियम. पत्रावळी उन्हात कडक वाळवून, गोणपाटात बांधून, ट्रकच्या वरच्या बाजूला ठेवायच्या, नाही तर आषाढातल्या दमटपणानं बुरशी धरते. वाढायच्या आधी पाण्याचा शिपका मारला की पान मऊ होतं, काडी निसटत नाही. बाजारात चकचकीत पत्रावळ मिळते, तिच्यावर पुष्कळदा प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. ती गायीनं खाल्ली तर काय, हे मी सांगायला नको.

खरकटं आणि पत्रावळी यांच्यासाठी मुक्कामाच्या शेतात, मालकाला विचारून, तो दाखवील तिथे खड्डा. निघताना वरून माती. त्याचं खत त्याच्याच रानाला.

चौथं, पावसाचा कागद. डोक्यावरून पांघरायचा तो प्लॅस्टिकचा पातळ कागद दिवे घाट चढेपर्यंत फाटतो आणि सासवडला दुसरा घ्यावा लागतो. आपल्या वाडवडिलांचं इरलं आणि घोंगडी वर्षानुवर्षं चालायची. इरल्याचा आकार घेऊन आम्ही जाड ताडपत्रीचं इरलं शिवलं. काठ दुमडून शिवले, गळ्याशी नाडी लावली, पाठीला थोडी जागा सोडली, म्हणजे पडशी आत राहते आणि टाळ वाजवायला दोन्ही हात मोकळे. फाटलं तर ठिगळ लावता येतं. ज्याला ठिगळ लावता येतं ती वस्तू मी चांगली समजते. आमच्या गोधड्या शिवणाऱ्या आज्यांनी या कामात माझ्या शिक्षकांपेक्षा जास्त शिकवलं.

आणि पाचवं, हा माझ्या मागे दिसतोय तो फलक. शताब्दीचा फ्लेक्स लावायचा असं ठरत होतं. फ्लेक्सला शेवट नाही. तो कुजत नाही, आणि जाळला तर विषारी धूर होतो. म्हणून मांजरपाटावर शाळेतल्या मुलांनी हा फलक रंगवला. सोहळा झाला की याच्या पडश्या शिवणार आहोत. पुढच्या आषाढात कुणाच्या तरी खांद्यावर 'शताब्दी'तला 'श' दिसेल, कुणाच्या खांद्यावर कळस.

आता यावर बोलणारे बोलले, तेही सांगायला हवं. एक ज्येष्ठ टाळकरी मला म्हणाले, "पोरी, आम्ही नाम घ्यायला निघतो की भांडी घासायला?" प्रश्न खरा आहे. वारीचा जीव नामात आहे, ताटात नाही. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. शेजारी बसलेल्या दुसऱ्या बाबांनीच उत्तर दिलं. ते म्हणाले, "गाडगेबाबा गावात आले की आधी हातात खराटा घ्यायचे, गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. दिवसाचं काम झाल्याशिवाय रात्रीचं कीर्तन त्यांना गोड लागत नव्हतं." मग दोघंही ताट घ्यायला रांगेत उभे राहिले. टाळकरी बाबा आजही कुरकुरतात. पण ताट घासताना नाम घेतात, आणि ते मला ऐकू येतं.

दुसरा अडसर देणाऱ्यांचा. वाटेत भाविक प्रेमानं चहा देतात, पाणी देतात, फराळ देतात. त्या प्रेमाला नाही म्हणवत नाही. आपण फक्त पेला पुढे करायचा. "माउली, यात द्या." एवढ्या तीन शब्दांनी एक कप वाचतो. बहुतेक देणारे खूश होतात, कारण त्यांचेही कपाचे पैसे वाचतात. सुटी भेळ, सुटी केळी, पातेल्यातली खिचडी घेऊ. पुड्यांत बांधलेलं काही देणार असाल, तर दिंडी येण्याआधी कळवा, सोडून एकत्र वाढू, असं आपण दात्यांना आधीच पत्रानं सांगायला लागलोय.

हे सगळं सुरळीत झालंय असं नाही. गेल्या वर्षी नीरेच्या पुढे पाऊस लागला, टँकर मागे राहिला आणि दोन जेवणं पत्रावळींवर काढावी लागली. मोराच्या पोत्यातली सहा ताटं गेली ती गेलीच. वाखरीच्या गर्दीत तीन घमेल्यांची रांग मांडायला जागाच नसते, तिथे काय करायचं ते अजून ठरायचंय.

त्या शेतकऱ्याचं काय झालं, हे तुम्ही विचाराल. काका त्यांना जाऊन भेटले. त्यांनी एक वर्ष थांबून बघायचं कबूल केलं. पुढच्या वर्षी निघायच्या सकाळी दिंडी पुढे गेल्यावर आम्ही दहा जण मागे राहिलो आणि हातात पोती घेऊन रान वेचलं. ते बांधावर उभे होते, बोलले नाहीत. यंदा त्यांनी पुन्हा जागा दिली. पण काकांना म्हणाले, "दोन वर्षांनी काय होतंय? पोरं शिकून नोकरीला गेली की बंद पडेल. बघू." त्यांचं म्हणणं बरोबर आहे. मी उद्या कामासाठी बाहेरगावी गेले आणि हे माझ्याबरोबर गेलं, तर माझ्या शिक्षणाला काय अर्थ? समाज आरतीची शिस्त लावून देणारे गेले, तरी चोपदारांचा दंड आजही उंचावतो. तसं व्हायला हवं.

म्हणून आज विणेकरी महाराजांपुढे आणि आपणा सर्वांपुढे पदर पसरून तीन मागणी मागते.

एक. ताट-पेल्याचा नियम दिंडीच्या नियमांत लिहून घ्या. नवा वारकरी भिशी भरेल तेव्हाच त्याला पंगतीचं चिन्ह मिळू दे.

दोन. दरवर्षी निघायच्या सकाळी जागा वेचायला एक पंगत मागे राहू दे. आज तुळस, उद्या टाळ, परवा वीणा, असा पाळीनं नेम. कुणा एका पोरीचं ते काम नको.

तीन. आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वारी संपल्यावर, कार्तिकीच्या आत, दिंडीतल्या दोन ज्येष्ठांनी मुक्कामाच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी जावं. नारळ, प्रसाद घेऊन जावं, चहा प्यावा आणि विचारावं, "माउली, आमच्याकडून काही राहिलं का?" ते जे सांगतील ते गावी येऊन एकादशीला सगळ्यांसमोर वाचावं. त्यांच्या हातात टाळ नाही, म्हणून त्यांची तक्रार ऐकायला आपणच चालत जायचं. चालण्याची सवय आपल्याला शंभर वर्षांची आहे.

आपल्या पूर्वजांनी आपल्याला शंभर वर्षांची वाट दिली, आणि वाटेवर दरवाजे उघडे ठेवणारी माणसं दिली. पुढच्या शंभर वर्षांनी जी पोरं चालतील, त्यांना त्याच बांधावर, त्याच झाडाखाली उतरायला मिळावं. तिथून निघताना मागे वळून बघितलं, तर रान जसं होतं तसं दिसावं, आणि खड्ड्याच्या जागी पीक जरा जास्त हिरवं. एवढीच माझ्या शिक्षणाची कमाई मी पांडुरंगाच्या पायाशी ठेवते.